गंगम्माचा रावण

देशपांडे बाईंच्या यादीत अकरा देवळं होती. माझ्या यादीत एकही नव्हतं. भांडण तिथूनच सुरू झालं.

आम्ही तिघी दर वर्षी दोन दिवसांची सहल काढतो. मी मूळची गडहिंग्लजची, आता बंगळुरात महादेवपुऱ्याला मुलाकडे राहते. देशपांडे बाई आमच्याच इमारतीत राहतात. पुण्याच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. तिसरी सरोजाक्का. ती अथणीकडची, लग्न होऊन बनशंकरीला आली आणि तिथलीच झाली. मराठी बोलता बोलता तिचं कन्नड कधी सुरू होतं ते तिलाही कळत नाही. मागच्या दोन्ही सहली देशपांडे बाईंनी ठरवल्या होत्या. त्यात मी अर्धा वेळ रांगेत उभी होते आणि देव दिसला पुढच्या माणसाच्या खांद्यावरून. देवाशी माझं भांडण नाही. माझ्या गुडघ्यांचं आहे.

म्हणून या वर्षी सरोजाक्काच्या घरी बसलो तेव्हा मी सांगून टाकलं, "हातानं काहीतरी करणारी माणसं बघू. कातारी, बाहुल्यावाले. ती बसून काम करतात, आपल्यालाही बसायला देतात."

"असली सहल परदेशी लोक करतात, इंदूताई," देशपांडे बाई म्हणाल्या.

"त्यांचे गुडघे दुखत असतील."

सरोजाक्का हसली. देशपांडे बाई हसल्या नाहीत. शेवटी असं ठरलं की या वर्षी मी ठरवीन, पण सहल फसली तर पुढं जन्मभर देशपांडे बाई नेतील तिथं मुकाट्यानं जायचं. जन्मभर म्हणजे फार नाही, पण तेवढाही मला रांगेत घालवायचा नव्हता.

माझी सून म्हणाली, मोबाइलवर सगळं तयार मिळतं, कलाकारांची गावं वगैरे. मी बघितलं. सगळ्या फोटोत एकच म्हातारा, एकच चाक, एकच कुंभार. मी चौथी शिकलेय, पण एवढं मलाही कळतं. खरी माहिती मिळाली सरोजाक्काच्या फुलवालीकडून. बनशंकरीच्या देवळाबाहेर बसते ती. तिच्या माहेरच्या गावी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारं एक घर आहे. तिनं नंबर दिला, सरोजाक्कानं फोन लावला. पलीकडे बाई होती. दोघी 'हौदु, हौदु', म्हणजे हो हो, करत बराच वेळ बोलल्या आणि फोन ठेवून सरोजाक्का म्हणाली, "शनिवारी दुपारी या म्हणाली. स्वल्प अडखळली, पण या म्हणाली."

सहलीचा सगळा भार त्या खेळावर होता. बाकीचं येता-जाता.

चन्नपट्टण

शुक्रवारी सकाळी निघालो. गाडी चालवायला मंजण्णा होता. तो कमी बोलतो आणि गाडी हळू चालवतो. दोन्ही गुण मला आवडतात. बिडदीला थांबून तट्टे इडली खाल्ली. तट्टे म्हणजे ताटली. इडली खरंच ताटलीएवढी असते. वर लोण्याचा गोळा. देशपांडे बाईंनी अर्धी खाईन असं सांगून दीड खाल्ली. मी मोजत नव्हते, समोर बसले होते.

चन्नपट्टणला लाकडी खेळणी करतात. रस्त्यावरच्या दुकानात सगळी रंगीत रांग लावलेली असते, ती कोणीही बघेल. मला काम बघायचं होतं. मंजण्णानं एका गल्लीत विचारत विचारत नेलं. पत्र्याच्या शेडमध्ये चार यंत्रं, समोर चार माणसं, आणि सगळ्यांच्या भुवयांवर भुसा. लाकूड गरगर फिरतं, माणूस पटाशी लावतो, साल सुटत जाते. मग फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवायची. लाकूड घासून तापलेलं असतं, लाख वितळते आणि रंग चढतो. शेवटी केवड्याच्या पानाची पट्टी दाबून धरली की चकाकी येते. देशपांडे बाई विचारत होत्या, पॉलिशचं मशीन कुठे आहे. त्या माणसानं पान वर करून दाखवलं.

आमच्या गडहिंग्लजच्या बाजारात कातारी बसायचा. लाटणी, पाळण्याचे खुंट, भोवरे करायचा. त्याचा हात याच्याइतका साफ नव्हता. लहानपणचं सगळं चांगलं होतं असं लोक लिहितात. आमच्या काताऱ्याचा भोवरा तिरका फिरायचा.

मी त्या माणसाला म्हटलं, मला लाटणं करून दे. सरोजाक्कानं सांगितलं. त्यानं हातातलं काम थांबवलं. तो म्हणे वर्षानुवर्षं परदेशातल्या मुलांसाठी कड्या आणि ससे करतोय, लाटणं कोणी मागितलंच नाही. कुठला रंग, त्यानं विचारलं. मी म्हटलं, मुठींना हवा तो एक दे, मधे रंग नको, पोळीला लागेल. त्यानं तासाभरात काढून दिलं. मी तिथल्याच फळीवर फिरवून बघितलं. एका बाजूला जड होतं. तसं सांगितल्यावर बाकीचे तिघं हसायला लागले, त्यानं मात्र लाटणं परत यंत्रावर चढवलं, एक सालपट काढलं आणि विचारलं, "ईग सरी आय्ता?"

आता सरी, म्हणजे बरोबर, होतं.

"बिचाऱ्याला किती छळलंत," बाहेर आल्यावर देशपांडे बाई म्हणाल्या.

"छळलं नाही. पारखून घेतलं. तो खूश होता."

"ते तुम्हाला कसं कळलं?"

"मुठींना त्यानं दोन रंग दिले. मी एकच सांगितला होता."

दुपारी जेवायला एका खानावळीत गेलो. रागी मुद्दे आणि सोप्पिन सारू, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा आणि पालेभाजीचं पातळ कालवण. आमच्याकडे नाचणीची भाकरी करतात, ती चावायची. मुद्दे चावायचं नाही, सारात बुडवून गिळायचं. हे देशपांडे बाईंना कोणी सांगितलं नाही. त्यांनी घास नीट बत्तीस वेळा चावायला घेतला. चौथ्या वेळेला तोंड उघडेना. कवळीला गोळा चिकटला होता. वाढणारा पळत आला आणि स्वतःच्या गळ्याला हात लावून दाखवू लागला, गिळा, गिळा. सरोजाक्का डोळे पुसत होती. बाईंनी पाठ फिरवून काय ते केलं आणि उरलेलं जेवण एक शब्द न बोलता गिळलं. नंतर मात्र म्हणाल्या, "चव बरी आहे." मला त्या क्षणी त्या आवडल्या.

रात्री मद्दूरला राहिलो. तिथला वडा चपटा, कडक, कांदा घातलेला असतो. चहाबरोबर चांगला लागतो. लॉजबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

बाहुल्यांचं गाव

गाव मंड्याच्या पलीकडे आहे. नाव लिहीत नाही, कारण लिहू का म्हणून त्या लोकांना विचारलेलं नाही. उसाची शेतं, मधे नारळ, शेवटच्या गल्लीत शेवटचं घर. दारात कोंबड्या. ओट्यावर एक म्हातारा बसला होता, पांढरं धोतर, गळ्याभोवती टॉवेल. त्यानं उठून हात जोडले. सरोजाक्कानं चौकशी केली, त्यानं मान हलवली. मी नमस्कार केला, त्यानं पुन्हा मान हलवली. तोंडातून शब्द नाही. आतून त्याची बायको आली. ही गंगम्मा, फोनवर बोललेली. तिनं चटया टाकल्या आणि सरोजाक्काला कन्नडमध्ये काहीतरी सांगू लागली. सरोजाक्काचा चेहरा पडला.

"काय म्हणते?"

"खेळ होणार नाही म्हणते. करंट नाही म्हणते."

डोक्यावर पंखा फिरत होता.

देशपांडे बाईंनी आधी पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. वर्गात बोलायच्या तसल्याच खणखणीत मराठीत त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. तो म्हातारा प्यालेला आहे, इंदूताई. बघा ना, बोलता येत नाहीये त्याला. बुडाली तुमची सहल."

गंगम्माचा हात चटईवर थांबला. मग ती नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाली, "दारू पिलाय म्हनते तुम्हास्नी. आता सांगू कसं ह्यास्नी, घसा ग्येलाय म्हून?"

मी तिच्याकडे बघत होते.

"बाई, तू मराठी बोललीस," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघायला लागली. "तुमी मराटी?"

"आम्ही मराठी. तुम्ही कशा मराठी?"

"आमी घरात हेच बोलतो. बाहीर कोन बोलतंय?" मग देशपांडे बाईंकडे हनुवटी उडवून म्हणाली, "ह्या बाईचं सगळं कळलं मला."

देशपांडे बाईंच्या चेहऱ्याचा रंग चन्नपट्टणच्या लाल कांडीसारखा झाला. त्या उठल्या, म्हाताऱ्यासमोर गेल्या आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. अगदी चुकलं." म्हाताऱ्यानं हात हलवला, जाऊ दे म्हणून. त्याला हसू येत होतं.

मग सगळं कळलं. त्यांचे पूर्वज कुठल्याशा लष्कराबरोबर वरून खाली आले, असं त्यांचे आजोबा सांगायचे. कुठलं लष्कर, कधी, ते कोणालाच माहीत नाही. खेळ कन्नडमध्ये करत आले, भांडणं मराठीत. म्हाताऱ्याचं नाव हनुमय्या. खेळात देव, राक्षस, माकडं सगळ्यांना आवाज त्याचा. सीता आणि मंदोदरी गंगम्माची. महिन्यापूर्वी त्याचा घसा बसला तो उठलाच नाही. डॉक्टरनं बोलायला बंदी केली, आणि पूर्वीचा आवाज परत येईल याची खात्री देता येत नाही म्हणाला. मुलगा बंगळुरात नोकरीला आहे, त्याला खेळ येत नाही. आमचा फोन आला तेव्हा शनिवारपर्यंत घसा सुटेल अशी गंगम्माला आशा होती, म्हणून ती 'या' म्हणाली.

"आनि सोमवारी एक जन येनार हाय," ती म्हणाली. "शहरातला. पेटारा बघाया. बाहुल्या भितीला लावाया पायजेत म्हने त्याला. सगळ्या घेतो म्हनतो."

"द्यायच्या आहेत का?"

गंगम्मा नवऱ्याकडे बघत राहिली. हनुमय्यानं छताकडे बघितलं.

"आवाज न्हाई तर काय करायच्या ठिवून?" ती म्हणाली.

कोपऱ्यात वेताचा मोठा पेटारा होता. मी उघडायला सांगितलं. सगळ्यात वर गणपती. कातडं इतकं घासलेलं की उजेडाला धरल्यावर पलीकडचा हात दिसतो. लाल, हिरवा आणि काळा रंग, बारीक भोकांचे दागिने. त्याखाली राम, सीता, लक्ष्मण, मग चटई, तिच्याखाली राक्षस. मी विचारलं, चटई कशाला? गंगम्मा म्हणाली, "भांडत्यात न्हवं." रावण सगळ्यात मोठा, माझ्या छातीपर्यंत येईल एवढा.

मला रडू वगैरे आलं नाही. राग आला. एवढ्या लांब आलो होतो.

"सीतेचा आवाज तू काढतेस, मग रावणाचाही काढ," मी म्हटलं.

"बाईच्या आवाजात रावन? मान्सं हसतील."

"हनुमय्या, खरं सांगा," मी म्हाताऱ्याकडे वळले. "ह्या घरात कोणाचा आवाज चालतो?"

त्यानं क्षणभर विचार केला आणि बायकोकडे बोट दाखवलं. सरोजाक्कानं टाळी वाजवली. गंगम्मानं टॉवेल ओढून त्याला मारला.

"झालं तर. ओळी पाठ आहेत?"

"चाळीस वर्सं ऐकतोय. पाठ न्हाई तर काय."

"पण कन्नडमध्ये केलास तर एकट्या सरोजाक्काला कळेल. मराठीत कर."

आता मात्र ती खरंच दचकली. "ह्या भाशेत? अक्का, ह्या भाशेत आमी कोंबड्या हाकलतो. रावन ह्या भाशेत बोलतो व्हय?"

"मग कोंबड्या हाकलल्यासारखा बोलू दे. आम्हाला चालेल."

ती नवऱ्याकडे बघू लागली. शेवटी पेटारा त्याच्या बापाचा. हनुमय्या उठला आणि त्यानं दाराला कडी घातली. अंधार हवा होता.

खिडकीतून ऊन येत होतं. "वाकळ आन वाकळ," गंगम्मा ओरडली. देशपांडे बाई म्हणाल्या, काय आण? वाकळ म्हणजे गोधडी, हे मला कळलं, पुण्याला कळलं नाही. खिडकीला खिळा नव्हता, म्हणून वाकळ कोणीतरी धरायला हवी होती. देशपांडे बाई पुढे झाल्या आणि दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. खेळ संपेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या, मान मागे वळवून. मी बसा म्हटलं नाही.

पांढऱ्या धोतराचा पडदा, मागे एक बल्ब. गणपती आला, गंगम्मा गायली. ती नेहमीची गोष्ट, आवाज पक्का. मग लंकेचा दरबार. रावण पडद्यावर आला, दहा डोकी, वीस हात. आणि बोलला एखाद्या नव्या सुनेसारखा, तोंडातल्या तोंडात. काय बोलला ते कोणालाच कळलं नाही. मारुती समोर शेपटी गुंडाळून बसलेला. रावण परत पुटपुटला. दाराशी बसलेल्या मंजण्णानं जांभई दिली. मला वाटलं, संपलं. सोमवारी तो माणूस येणार, पेटारा जाणार, आणि मी रांगेत.

"गंगम्मा," मी ओरडले, "ते माकड तुझ्या अंगणात शिरलंय!"

पडद्यामागून आवाज आला.

"कुठनं आलास रं माकडा? आँ? कुनाला इचारून आलास? पाय पुसलंस का? बागेतली झाडं मोडलीस, माझ्या पोराला मारलंस, आन वर शेपटीवर बसतोस? माझ्यापुढं? हाड्!"

घर हादरलं. ओट्यावरच्या कोंबड्या खरंच पळाल्या; ते आम्ही दाराच्या फटीतून ऐकलं. सरोजाक्का हसता हसता माझ्या अंगावर पडली. आणि पडद्यावर रावण थरथरायला लागला, दहाच्या दहा डोकी. मला आधी वाटलं राग दाखवतायत. नंतर कळलं, मागे हनुमय्या हसत होता. आवाज नसलेला माणूस हसतो तेव्हा सगळं अंग हसतं, आणि रावणाच्या काठ्या त्याच्या हातात होत्या.

मग मात्र तिला थांबवणं कठीण झालं. मारुतीनं आपलं नाव सांगितलं तर रावणानं त्याच्या आईचं गाव विचारलं. बिभीषणाला 'खातोस माझं आन गातोस त्याचं' म्हणून फैलावर घेतलं. शेपटीला चिंध्या बांधताना तेल किती आणलं, कोणी आणलं, उरलेलं कुठं ठेवलं, सगळं विचारलं. दारावर शेजारीपाजारी थापा मारायला लागले. मंजण्णानं कडी काढली, दहा-बारा जण आत येऊन बसले. भाषा त्यांना कळत नव्हती, रावण कळत होता.

एका जागी गंमत झाली. शेपटी पेटवा, असा हुकूम रावणानं दिला आणि मारुती पळणार होता. रावणाचा हात वर गेला आणि तिथंच थांबला. गंगम्मानं हुकूम परत दिला. हात हलेना. तिसऱ्यांदा दिला. पडद्यामागून तिचा हळू आवाज आला, "काय झालं? चुकलं व्हय?" मागे हनुमय्यानं काहीतरी खुणावलं असावं. मग ती म्हणाली, "हां, हां. ऱ्हायलं." आणि मधली दोन वाक्यं म्हणाली, मंदोदरी नवऱ्याला थांबवते ती. हुकमाची घाई करण्यात तिनं ती खाल्ली होती. ती म्हटल्याबरोबर रावणाचा हात खाली आला, शेपटी पेटली, आणि हनुमय्यानं दणक्यासाठी पायाला बांधलेल्या लाकडी फळ्या आपटून असा दणका उडवला की वाकळ धरलेल्या देशपांडे बाई दोन बोटं उडाल्या.

लंका जळाली. दार उघडलं. सगळे घामानं भिजले होते. देशपांडे बाईंचे हात खाली येईनात. सरोजाक्कानं चोळून दिले. शेजारची एक म्हातारी गंगम्माला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. मी सरोजाक्काला विचारलं. "ती म्हणते, तुझा नवरा बरा झाला तरी रावण तूच कर."

देशपांडे बाई मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही तुम्हीच ठरवा. पण एक तरी देऊळ घ्या."

"बसायला मिळत असेल तर घेते."

गंगम्मा पडद्याच्या दोऱ्या सोडत होती. तिचा श्वास अजून खाली आला नव्हता. तिनं नवऱ्याला विचारलं, "सोमवारी त्या मान्साला काय सांगायचं?"

हनुमय्या एकेक बाहुली पुसून पेटाऱ्यात ठेवत होता. आधी राक्षस, रावण सगळ्यात खाली. वर चटई. मग राम, सीता, लक्ष्मण. वर गणपती. झाकण लावलं, दोरी बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. मग तो पेटाऱ्यावर बसला, मांडी घालून, हात गुडघ्यांवर.

"उठा की," गंगम्मा म्हणाली. "त्याच्यामागं साखरेचा डबा हाय. पावन्यास्नी च्या करायचाय."

तो हलला नाही.

"उठतोस का न्हाई!" ती रावणाच्या आवाजात गरजली.

तरीही तो उठला नाही. आम्ही चहा बिनसाखरेचा प्यायलो.